सुकाणू एका हंगामात खाल्लं गेलं, जस्त मात्र तसंच राहिलं: असं का होतं आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हर्णैची लाकडी ट्रॉलर, वरून फायबर चढवलेलं. सहा सिलिंडरचं इंजिन, पितळी पंखा (प्रोपेलर), लोखंडी प्लेटचं सुकाणू. पंखा फिरवणारा जुना लोखंडी शाफ्ट पंख्याजवळ बारीक झाला म्हणून गेल्या पावसाळ्यात स्टेनलेसचा नवा शाफ्ट टाकला. यंदा मेअखेर बोट वर घेतली तर सुकाणूच्या प्लेटला पंख्याच्या बाजूने आरपार भोकं, वेल्डिंगच्या रेषा खोल खाल्लेल्या. आणि मागच्या बाजूला फळीवर ठोकलेल्या जस्ताच्या दोन्ही प्लेटा जवळजवळ नव्यासारख्या. मेस्त्री म्हणतात दोनाच्या चार प्लेटा लावा. वडील म्हणतात स्टेनलेसचा शाफ्टच अपशकुनी, परत लोखंडी टाका.

वडिलांनी जे पाहिलंय ते बरोबर पाहिलंय. शाफ्ट बदलला आणि सुकाणू गेलं, हा योगायोग नाही. फक्त उपाय शाफ्ट परत बदलणं हा नाही. आणि मेस्त्रींच्या चार प्लेटाही आत्ताच्या पद्धतीने लावल्या तर पुढच्या मेमध्ये चारही नव्यासारख्याच निघतील.

दोन वेगळ्या धातूंचा एकमेकांशी कुठेतरी धातूनेच संपर्क असेल आणि दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असतील, तर त्यांची बॅटरी तयार होते. टॉर्चमधल्या जुन्या सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं असायचं आणि सेल वापरून संपला की ते पातळ होऊन फुटायचं, तोच प्रकार. खाऱ्या पाण्यात प्रत्येक धातूचं आपलं एक व्होल्टेज असतं. प्रयोगशाळेतल्या चांदीच्या प्रमाण सेलशी ताडून पाहिलं तर जस्त साधारण उणे 1.03 व्होल्टवर, साधं लोखंड उणे 0.6 ते 0.7 च्या आसपास, आपल्या पंख्याचं पितळ उणे 0.3 च्या आसपास, आणि चांगल्या स्थितीतलं स्टेनलेस शून्याच्या बरंच जवळ. जोडीत ज्याचा आकडा जास्त उणे, तो विरघळतो. दुसरा सुरक्षित राहतो. बोटीला जस्त लावतात ते याचसाठी, लोखंडाऐवजी ते विरघळावं म्हणून. पितळ आणि लोखंड जोडलं की लोखंड जाणार, यात बोटीचा, वेल्डरचा किंवा नशिबाचा काही संबंध नाही.

आता तुमच्या बोटीचं गणित मांडून बघा. आधी पंखा पितळी, शाफ्ट लोखंडी, सुकाणू लोखंडी. पंख्याची भूक भागवायला दोन लोखंडं होती, आणि पंख्याला थेट चिकटलेलं, सर्वांत जवळचं लोखंड म्हणजे शाफ्ट. म्हणून तो पंख्यापाशीच बारीक झाला. इतकी वर्षं तुमचा शाफ्टच जस्ताचं काम करत होता आणि सुकाणू वाचवत होता. तुम्ही स्टेनलेस टाकलंत, तसा तो वाटेकरी गेला. स्टेनलेस स्वतः तर विरघळत नाहीच, उलट पितळाच्या पंक्तीला जाऊन बसतं. पाण्यात उघडा राहणारा शाफ्ट फार लांब नसतो, त्यामुळे त्याची भर तशी थोडीच. पण आता सगळा भार एकट्या सुकाणूवर आला.

इथे अजून एक गोष्ट घडते, ती लोकांना पटायला जड जाते. सुकाणू तुम्ही छान रंगवलेलं होतं, म्हणून ते वाचायला हवं होतं असं वाटतं. पण पंखा उघडा आणि सुकाणू रंगवलेलं, ही सर्वांत वाईट जोडी. विरघळवणारा प्रवाह ठरतो तो मुख्यतः उघड्या पितळाच्या क्षेत्रफळावरून. प्लेट उघडी असेल तर तो प्रवाह अख्ख्या प्लेटवर पसरून थोडा थोडा गंज काढेल. रंग लावला की तोच प्रवाह रंगातल्या सुईएवढ्या भोकांतून, खरचटलेल्या कडांतून आणि वेल्डिंगच्या खडबडीत रेषांवरून बाहेर पडतो. मग सगळी प्लेट ठणठणीत आणि मधेच आरपार भोक. पंख्याच्या बाजूलाच जास्त का, तर अंतर कमी आणि पंख्याचं फेसाळ, हवा मिसळलेलं पाणी नेमकं तिथेच आदळतं. ते रंगही सोलतं आणि गंजाला लागणारा प्राणवायूही पुरवतं. रंग लावूच नये असा याचा अर्थ नाही. रंग हवाच, पण जस्त चालू असेल तर. जस्त बंद असताना एकटा रंग भोकं पाडतो.

आणि तुमचं जस्त बंद होतं. ते न झिजणं हीच त्याची खूण. झिजलेलं जस्त बघून लोक हळहळतात, मला मात्र न झिजलेलं जस्त बघून काळजी वाटते. हंगामाच्या शेवटी निम्मं संपलेलं, खडबडीत, पांढुरक्या राखेने माखलेलं जस्त म्हणजे काम झालेलं जस्त.

ते बंद राहण्याची कारणं माझ्या अनुभवात चारच असतात, आणि तुमच्याकडे बहुतेक पहिलं आहे.

पहिलं म्हणजे जस्त लाकडावर किंवा फायबरवर खिळ्यांनी ठोकलेलं असतं आणि सुकाणूशी किंवा शाफ्टशी त्याचा तारेने अथवा बोल्टने काहीच संबंध नसतो. नुसतं शेजारी पाण्यात लटकलेलं जस्त कुणालाच वाचवत नाही. पाण्यातून एक वाट असते, परतीची वाट धातूतून लागते. ती नसेल तर जस्त म्हणजे फळीला मारलेलं वजन. कोकणातल्या कितीतरी बोटींवर हेच दिसतं, कारण बाप-काकांनी जिथे ठोकलं तिथेच पुढची पिढी ठोकते.

दुसरं, बोट रंगवताना पोऱ्याने जस्तावरही ब्रश फिरवलेला असतो. बोट धक्क्यावरून खाली जाण्याआधी शेवटची नजर टाकताना जस्ताच्या वड्या उघड्या आहेत ना, एवढं बघाच.

तिसरं, जस्तच खराब असतं. या विषयावर मला जरा थांबावंसं वाटतं, कारण पैसे इथे वाया जातात. भंगारातलं जस्त लोखंडी कढईत वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेल्या प्लेटा बाजारात स्वस्तात मिळतात. वितळलेलं जस्त कढईचं लोखंड आपल्यात ओढून घेतं. जस्तात लोखंडाचं प्रमाण थोडं जरी वाढलं तरी त्यावर घट्ट, न विरघळणारी साय धरते आणि ते झोपी जातं. बोटींच्या जस्तासाठी अमेरिकी नौदलाचं जे जुनं मानक आहे त्यात लोखंडाची मर्यादा 0.005 टक्के आहे, म्हणजे शंभर किलोत पाच ग्रॅम. कढईतल्या जस्ताने ही मर्यादा पाळणं अशक्य. म्हणून प्लेट घेताना ती कुठल्या मानकाची आहे हे लिहून देणाऱ्याकडूनच घ्या आणि मधे ओतलेली लोखंडी पट्टी असलेली घ्या. नुसत्या जस्ताला भोक पाडून बोल्ट मारला तर भोकाभोवतीचं जस्त आधी झिजतं, बोल्ट सैल होतो आणि संपर्क तुटतो. ओतलेल्या पट्टीला तो धोका नाही.

चौथं कारण खास आपल्या खाड्यांचं. पावसात तुमच्या भागातल्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला असतात. त्या दिवसांत खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. गोड्या पाण्यात जस्तावर तीच साय धरते. नंतर बोट समुद्रात गेली तरी ती साय सगळी सुटतेच असं नाही. जी बोट खाडीत आणि समुद्रात अशी दोन्हीकडे राहते तिला माझं मत अ‍ॅल्युमिनियमच्या वड्यांना. या म्हणजे भांड्यांचं अ‍ॅल्युमिनियम नव्हे. त्यात जस्त आणि अगदी थोडं इंडियम मिसळलेलं असतं आणि ते इंडियमच साय धरू देत नाही. त्यांचं व्होल्टेज जस्तापेक्षा थोडं जास्त उणे, साधारण उणे 1.1, आणि किलोमागे काम जस्ताच्या तिपटीहून जास्त. मॅग्नेशियमच्या वड्याही मिळतात, पण त्या गोड्या पाण्याच्या. समुद्रात त्या बघता बघता संपतात आणि त्यांचा जोर इतका असतो की रंग फुगवतात. तुमच्या बोटीला त्या नकोत.

आता मोजून बघू. मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो. बोट वर आहे तोवर पहिली तपासणी करा: मीटर ओहमवर ठेवा, एक टोक जस्ताच्या पट्टीवर, दुसरं सुकाणूच्या दांड्यावर घासून चकचकीत केलेल्या जागी. आकडा शून्याला लागून यायला हवा. तुमच्याकडे तो येणार नाही, असं मी धरून चालतो. मग हेच सुकाणू ते शाफ्ट असं करा. इथे आकडा कमी आला तर सुकाणू आणि पंखा कुठेतरी जोडलेले आहेत. बहुतेक वेळा ही जोड खालून असते: सुकाणूचा खालचा पाय ज्या लोखंडी पट्टीत फिरतो, ती पट्टी स्टर्न ट्यूबच्या, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्या, बोल्टांना लागलेली असते. कधी वरून, स्टिअरिंगच्या साखळीतून इंजिनच्या फाउंडेशनपर्यंत.

दुसरी तपासणी बोट पाण्यात असताना. चांदीचा प्रमाण सेल विकत मिळतो, पण तो नसला तरी अडत नाही. खात्रीच्या जस्ताचा एक तुकडा घासून स्वच्छ करा, त्याला वेष्टण असलेली तार बांधा, जोड पाण्याच्या वर राहील अशा बेताने तुकडा सुकाणूजवळ पाण्यात सोडा. अर्धा-पाऊण तास राहू द्या. मीटर डीसी 2 व्होल्टवर. काळं टोक जस्ताच्या तारेला, लाल टोक सुकाणूच्या दांड्याला. जस्त न लागलेलं, एकटं लोखंड 0.35 ते 0.45 च्या आसपास दाखवेल. पितळाने ओढलेलं लोखंड त्याहून वर जाईल. आकडा 0.23 किंवा त्याच्या खाली आला की लोखंड सुरक्षित, कारण 1.03 मधून 0.80 गेले की एवढेच उरतात, आणि समुद्रात लोखंडासाठी उणे 0.80 ही सर्वमान्य रेषा आहे.

खालीही एक मर्यादा आहे, आणि ती तुमच्यासारख्या लाकडी बोटीला फार महत्त्वाची. जास्त जस्त म्हणजे जास्त सुरक्षा, असं लाकडात चालत नाही. जो धातू वाचतो त्याच्या पृष्ठभागावर पाणी क्षारधर्मी होतं, साबणाच्या कास्टिकसारखं. उघड्या समुद्रात ते वाहून जातं. पण बोल्ट लाकडातून गेला असेल तर ते तिथेच मुरतं आणि लाकडाला घट्ट धरून ठेवणारा भाग विरघळवतं. बोल्टाभोवतीचं लाकूड पांढरट, दोऱ्यासारखं, बोटाने कुस्करता येईल असं होतं. वरून फायबर असल्यामुळे ते दिसत नाही, आणि फायबरच्या आतलं सागवान ओलं असतंच. असं झालेलं बघितलं की लोक म्हणतात लाकूड कुजलं. बोल्ट मात्र नव्यासारखा निघतो, आणि त्यावरून ओळखायचं. म्हणून तुमच्या बोटीला मी जस्ताच्या तुकड्यावर 0.13 ते 0.23 एवढ्या पट्ट्यात ठेवीन, त्याखाली नेणार नाही. मेस्त्रींच्या चार प्लेटा नीट जोडून लावल्या, तर हा धोका खरा आहे.

मग किती लावायचं? ढोबळ हिशोब असा. सुकाणूची प्लेट साधारण 1.2 मीटर बाय 0.9 मीटर, दोन्ही बाजू मिळून दोन चौरस मीटरच्या थोडं वर. एक मीटरच्या आसपासच्या पंख्याची पाती दोन्ही बाजूंनी मिळून 0.9 चौरस मीटर. शाफ्ट, खालची पट्टी वगैरे अर्धा चौरस मीटर. एकूण साडेतीन चौरस मीटर. उघड्या धातूला चौरस मीटरमागे 100 मिलिअँपिअर धरले तर 0.35 अँपिअर. 1 ऑगस्ट ते 31 मे हे दहा महिने म्हणजे सुमारे 7,300 तास. गुणाकार साधारण 2,550 अँपिअर-तास. एक किलो चांगलं जस्त 780 अँपिअर-तास देतं, त्यातला 85 टक्के भागच कामी येतो. उत्तर येतं चार किलोच्या जरा खाली. अ‍ॅल्युमिनियम किलोला अडीच हजारांच्या आसपास देतं, म्हणजे सव्वा किलोत भागतं. सुकाणूचा रंग चांगला असेल तर याहून कमी लागेल, चालत्या बोटीला पंख्यावर पाणी आदळतं म्हणून थोडं जास्त लागेल. हे दोन्ही धरून मी जस्ताच्या चार-पाच किलोंनी सुरुवात करतो आणि मग मीटर जे सांगेल त्याप्रमाणे वजन कमी-जास्त करतो.

जागा अशा. सुकाणूच्या दोन्ही बाजूंना एकेक वडी, पट्टी थेट प्लेटला वेल्ड करून, पंख्याच्या धारेपासून शक्य तितकी बाजूला, म्हणजे मागच्या कडेकडे आणि वरच्या भागात. पण इतकी वरही नको की रिकामी बोट तरंगताना वडी पाण्याबाहेर येईल. ओहोटीला किंवा लाटेच्या पट्ट्यात जो धातू उघडा पडतो त्याला कुठलंच जस्त वाचवू शकत नाही, तिथे फक्त रंग. पंख्याच्या अगदी पुढे बोटीच्या अंगावर वडी लावू नका, पाण्याचा प्रवाह फाटतो आणि पंखा थरथरतो.

शाफ्टला जस्ताची वेगळी कॉलर लावायची, दोन अर्धुकांची. शाफ्ट आधी पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, ग्रीसचा अंशही ठेवायचा नाही. अर्धुकं घट्ट करायची, लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकायची, परत घट्ट करायची. ठोकल्यावर बोल्ट अजून अर्धा-पाऊण आटा घेतो, म्हणूनच ते ठोकणं. रबर बेअरिंगच्या तोंडापासून दोन बोटं जागा सोडा, नाहीतर बेअरिंगचं पाणी अडून ते जळेल.

सुकाणूला वडी असताना शाफ्टला वेगळी का? कारण फिरता शाफ्ट बाकीच्या धातूशी भरवशाने जोडलेला नसतो. रबर बेअरिंग तर वीज नेतच नाही. गिअरबॉक्समध्ये तेलाचा थर, कपलिंगमध्ये रबर. उभ्या बोटीत मीटर शून्य दाखवतो आणि इंजिन चालू झालं की तोच शाफ्ट वेगळा पडतो. मोठ्या जहाजांवर यासाठी शाफ्टवर दाबून धरलेला ब्रश असतो. तुमच्या बोटीतही तो ग्लँडच्या, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवतात त्या जागेच्या, आतल्या बाजूला बसवता येतो: तांबे-ग्राफाइटचा ब्रश, स्प्रिंगची पट्टी आणि तिथून कल्हई केलेल्या तांब्याच्या तारांची, दहा चौरस मिलिमीटरची केबल खालच्या पट्टीच्या बोल्टापर्यंत. जोड तळातल्या पाण्याच्या वर ठेवायचे. ब्रश कोरडा राहत असेल तरच तो कामाचा. ग्लँडचं पाणी त्यावर उडत असेल तर आधी ग्लँड बघा.

ग्लँडचा विषय निघाला म्हणून: ग्लँडची दोरी ग्राफाइटची वापरू नका. काळी, गुळगुळीत, टिकाऊ म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. पण ग्राफाइट या सगळ्या रांगेत स्टेनलेसच्याही पलीकडच्या टोकाला आहे. ओल्या ग्लँडमध्ये ती स्टेनलेसलाही खाते, आणि शाफ्टला नेमकी दोरीच्या रुंदीची खाच पडते. चरबीची सुती दोरी किंवा टेफ्लॉनची पांढरी दोरी घ्या.

स्टेनलेसबद्दल वडिलांना एवढं सांगा की तो अपशकुनी नाही, पण त्याला मोकळा श्वास लागतो. पाण्यातल्या प्राणवायूमुळे त्याच्यावर पातळ कवच टिकतं. पाणी जिथे साचून राहतं, रबर बेअरिंगच्या आत किंवा कॉलरखाली, तिथे कवच जातं आणि खड्डे पडतात. 304 जातीला हे फार लवकर होतं, 316 ला उशिरा. बिल बघा, कुठली जात दिलीय ते. बोट खाडीत उभी असेल तर अधूनमधून शाफ्ट हाताने दोन-चार फेरे फिरवा, बेअरिंगमधलं पाणी बदलतं. जोडलेलं जस्त या खड्ड्यांपासूनही बऱ्यापैकी राखण करतं.

पंख्याकडेही बघा. आपण ज्याला मँगनीज ब्राँझ म्हणतो ते खरं तर पितळच: साठ टक्क्यांच्या आसपास तांबं आणि बाकी बहुतेक जस्त. त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे जाळीदार तांबं उरतं, पंख्याचा आकार मात्र तसाच. पात्याची कड सुरीच्या टोकाने खरवडा. आत पिवळाधमक दिसला तर ठीक. गुलाबीसर, मऊ, पपईच्या गरासारखा रंग दिसला तर तो पंखा भरवशाचा राहिला नाही. हातोडीने टिचकी मारा, चांगला पंखा खणखणतो, असा पंखा बद्द वाजतो आणि जाळ्यात काही अडकलं की त्याचं पातं तुटतं. पात्याच्या पाठीवर टोकाकडे नुसता खरखरीत चावल्यासारखा भाग असेल आणि रंग पिवळाच असेल, तर तो गंज नसून पाण्यातल्या बुडबुड्यांचा मार आहे. त्याला जस्त उपयोगाचं नाही, पंख्याची पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, तपासा.

जस्त चालू झालं की पंख्यावर कालवं आणि शेवाळ जास्त धरेल, त्याने घाबरू नका. तांबं विरघळतं तेव्हाच ते जिवांना मारतं. विरघळणं थांबलं की जीव चिकटतात. हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलंय. 1824 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून तो वाचवून दाखवला. त्यातलं एक जहाज, समरंग, आपल्याकडे कोचीनला बांधलेलं होतं. पत्रा वाचला, पण त्यावर इतके शिंपले धरले की जहाजं संथ झाली आणि नौदलाने तो उपाय सोडून दिला. तुमच्या पंख्याचं क्षेत्रफळ लहान आहे, महिन्या-दीड महिन्याने भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असताना, पाणबुड्याकडून पाती खरवडून घ्या. पंख्यावर पांढरट चुन्यासारखा पातळ थर दिसला तर तो खरवडायची गरज नाही. संरक्षण चालू असल्याची ती खूण आहे.

त्याच नौदलाच्या अलार्म या जहाजाची गोष्ट याहून जुनी आहे. 1761 मध्ये त्याच्या तळाला तांब्याचा पत्रा लावला आणि 1763 मध्ये तपासलं तर पत्र्याचे लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. पण जिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद मधे तसाच राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. जस्त जोडण्याबरोबरच नको तिथली जोड तोडणं हा दुसरा उपाय त्या कागदाने दाखवला. तुमच्या बोटीत तो असा वापरा: पाणी घेणारे पितळी व्हॉल्व्ह लाकडात एकटे असतील तर त्यांना एकटंच राहू द्या. सगळे धातू एका तारेत ओवायची पद्धत फायबरच्या शौकाच्या बोटींत चालते. लाकडी बोटीत मी सुकाणू, खालची पट्टी, स्टर्न ट्यूब आणि शाफ्ट एवढेच जोडतो. पितळी जाळीला लोखंडी स्क्रू मारू नका. जिथे दोन धातू टाळताच येत नाहीत तिथे मधे नायलॉनचा वॉशर आणि बोल्टाला नळी घाला.

एका शक्यतेची खात्री करून घ्या, कारण तिच्यापुढे वरचं सगळं फिकं पडतं. एका हंगामात आरपार भोकं म्हणजे वेग जरा जास्तच आहे. बॅटरीचा प्रवाह पाण्यात गळत नाही ना? फिश फाइंडर, जीपीएस, वायरलेस, तळातलं पाणी काढायचा पंप, यातल्या कुठल्याही पॉझिटिव्ह तारेचा जोड तळातल्या खाऱ्या पाण्यात पडलेला असेल, तर तो प्रवाह बोटीतून पाण्यात उतरताना एखाद्या धातूला खात जातो. दोन धातूंच्या जोडीत ढकलणारं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं, इथे 12 किंवा 24. एक अँपिअर वर्षभर वाहिला तर नऊ किलोंहून जास्त लोखंड विरघळतं. मी पाहिलेल्या एका बोटीत पंपाच्या तारेला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि सुकाणू जाळीसारखं झालं होतं.

तपासायचं असं: जस्ताचा तुकडा पाण्यात सोडून मीटर लावलेला आहे, तसाच ठेवा. बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, आकडा लिहा. तारा लावा, सगळी बटणं बंद, आकडा लिहा. मग एकेक बटण चालू करत जा. कुठल्याही पायरीला आकडा झटकन वर उडाला तर त्या तारेचा माग काढा. पंपासाठी फ्लोट स्विच थेट बॅटरीवर असेल तर तो बटणं बंद असतानाही चालू असतो, म्हणून बॅटरी काढून बघण्याची पायरी गाळू नका. धक्क्यावरून चार्जरची वीज घेत असाल तर चार्जर काढून आणि लावूनही बघा. अर्थिंगच्या तारेतून शेजारची लोखंडी बोट तुमचं जस्त फुकटात खाऊ शकते. उपाय म्हणजे अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे हा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण. अर्थिंग तोडून टाकू नका, त्याने माणूस मरतो.

आत्ता जूनमध्ये करायचं ते या क्रमाने करा. सुकाणूची खाल्लेली प्लेट पूर्ण कापून नवी टाका. भोकांवर ठिगळं मारू नका, ठिगळाच्या वेल्डिंगपासूनच पुढचं भोक सुरू होतं. वेल्डिंग ग्राइंडरने गुळगुळीत करा. वड्यांच्या पट्ट्या रंगाच्या आधी वेल्ड करा, नंतर नाही. प्लेट चकाकेपर्यंत घासून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर इपॉक्सीचे दोन, मग अँटिफाउलिंग, म्हणजे कालवं-शेवाळ धरू न देणारा रंग. रंगताना वड्यांवर कागद चिकटवा आणि बोट उतरवायच्या दिवशी तो काढा. फळीवरच्या जुन्या प्लेटा उतरवा, त्यांची भोकं नीट बुजवा. त्या चांगल्या मानकाच्या निघाल्या तर घासून परत वापरता येतील. मोजायला लागणारा तुकडाही त्यातूनच कापा.

बोट पाण्यात गेली की पहिला आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, त्याआधी तो स्थिर होत नाही. दुसरा नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, खाडीचं पाणी पुन्हा खारट व्हायला लागल्यावर. तिसरा दिवाळीनंतर. तारीख, जागा आणि आकडा बोटीच्या वहीत लिहा, इंजिन बंद असताना एक आणि चालू असताना एक. चालूचा आणि बंदचा आकडा फार वेगळा आला तर शाफ्टचा ब्रश हवाच. दिवाळीचा आकडा 0.23 च्या वर गेला असेल तर वड्या निम्म्याखाली आल्या का ते पाणबुड्याला बघायला सांगा आणि तेव्हाच बदला, मेची वाट बघू नका. आकडा 0.13 च्या खाली असेल तर सुकाणूवरची एक वडी कमी करा आणि खालच्या पट्टीचा एक बोल्ट काढून त्याभोवतीचं लाकूड नखाने दाबून बघा.

शाफ्टच्या बिलावर जात कुठली आहे आणि मीटरवर सुकाणू ते शाफ्ट किती ओहम आला, हे दोन्ही कळवा. शाफ्ट 304 चा निघाला तर कॉलर एकाऐवजी दोन लागतील, आणि ओहम जास्त आला, म्हणजे सुकाणू पंख्याशी जोडलेलंच नव्हतं, तर मग पंख्याला दोष न देता आधी बॅटरीच्या तारांमागे लागा.